‘निकामी’ नव्हे, ‘बिघाड’

प्रश्न असा आला आहे: ‘मायटोकाँड्रियल डिसफंक्शन’ला मराठीत ‘तंतुकणिका निकामी होणे’ म्हणावं का, आणि ‘मायटोकाँड्रियाज’ हे अनेकवचन चालेल का? (मायटोकाँड्रिया, मराठीत तंतुकणिका, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म भाग.)

दुसऱ्या भागाचं उत्तर एका ओळीत. मायटोकाँड्रिया हेच अनेकवचन, एकवचन मायटोकाँड्रियन. वर आणखी ‘ज’ लावू नका.

आता ‘निकामी’. आरोग्यविषयक लेखांत हा शब्द इतक्यांदा वाचावा लागतो की डोकं उठतं. ज्याच्याकडून कसलंच काम होत नाही ते निकामी. लेबर या डॉक्टरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक नेत्रविकारात तंतुकणिकांमधल्या ऊर्जानिर्मितीच्या साखळीतली पहिली कडी अधू होते. युरोपात २०१५ साली मान्यता मिळालेलं आयडेबेनोन हे औषध इलेक्ट्रॉनांना ती कडी टाळून थेट तिसऱ्या कडीपर्यंत पोचवतं. पुढची साखळी शाबूत आहे म्हणूनच ना? सगळंच निकामी असतं तर ते पोचवणार कुठे?

शब्द हवा तो ‘बिघाड’. संस्कृत ‘घट्’चं आपलं ‘घडणे’ झालं, ‘वि’ लागून ‘बिघडणे’. मूळ अर्थ, जोडलेलं सुटं होणं. ‘विघटन’ त्याचाच सख्खा भाऊ. आता तंतुकणिका पाहा. कार्ल बेंडा यांनी १८९८ साली ग्रीक ‘मिटोस’ म्हणजे धागा आणि ‘काँड्रिऑन’ म्हणजे बारीक कण यांतून हे नाव घडवलं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना कुठे धागे दिसले, कुठे कणांच्या माळा. जिवंत पेशीत हे धागे सतत जुळतात आणि तुटतात. ओपीए-१ हे प्रथिन जोडतं, डीआरपी-१ तोडतं. ओपीए-१च्या जनुकात दोष आला की तुटणं वरचढ होतं, लांब धाग्यांचे तुकडे पडतात आणि डोळ्याची नस सुकत जाते. हे अक्षरशः वि-घटन आहे! डीआरपी-१ला आवर घालणारे रेणू संशोधक तपासतात ते हे तुटणं थोपवायलाच.

‘बिघाड’ हिंदीतून आलाय, यंत्रांना शोभतो, म्हणून ‘दुष्क्रिया’ लिहा, असं सांगणारे परिभाषाकार आहेत. मला ते साफ अमान्य आहे. हिंदीत ‘घ’चा ‘ग’ होऊन ‘बिगाड’ झाला. आपण मूळचा ‘घ’ जपलाय. उसना घेतलेला शब्द हा ‘घ’ कुठून आणेल? आणि ‘दुष्क्रिये’त दोष फक्त कामाचा येतो, मोडलेली घडण येतच नाही.

‘तंतुकणिकाबिघाड’ असा समास मात्र नको; ‘तंतुकणिकांमधला बिघाड’ सरळ वाचता येतं.