स्वित्झर्लंडच्या इंटरलाकेन गावाचं नाव इंग्रजी 'लेक'वरून आलं का? आणि तिथे एक दिवस पुरतो का?

नाही. नाव लॅटिन आहे. 'इंटर लाकुस', म्हणजे दोन तळ्यांच्या मध्ये. थून आणि ब्रिएन्झ ही ती सरोवरं, त्यांना जोडते आरे नदी. हा 'इंटर' आपल्या 'अंतर्'चा सख्खा भाऊ.

2017 साली आम्ही टूरने गेलो होतो. टूर मॅनेजरने माईकवरून सांगितलं, इंग्रजांनी 'लेक'वरून नाव ठेवलं. मी हात वर करून लॅटिनचं सांगितलं, तर माझे मेव्हणे भर बसमध्ये म्हणाले, "दाजी, सुट्टीत तरी शाळा बंद ठेवा." सगळे हसले. मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला आहे. ते वाक्य अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी मंडळी युंगफ्राऊच्या डोंगरावर गेली. मी खालीच थांबलो आणि मठाच्या चर्चमध्ये जाऊन बसलो. कारण नाव मुळात या ऑगस्टिनियन पंथाच्या ख्रिस्ती मठाचं, 1133 पासून कागदोपत्री आहे. 1528 मध्ये इथे सत्ता असलेल्या बर्नने धर्मसुधारणा, म्हणजे प्रोटेस्टंट पंथ, स्वीकारला आणि मठ बंद झाला. नाव मात्र टिकलं. नदीपलीकडे उंटरझेन हे गाव आहे, 1279 मध्ये वसवलेलं. 'झेन' म्हणजे सरोवरं. 'उंटर' म्हणजे 'खाली' असं आज वाटतं, पण जुन्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'मध्ये' असाही होई. म्हणजे एका काठावर लॅटिन, दुसऱ्या काठावर जर्मन, आणि अर्थ एकच! हे त्या बसमध्ये कुणालाच ऐकायचं नव्हतं.

टूर मॅनेजरच्या म्हणण्यात एक मात्र खरं, नाव पर्यटनासाठी घेतलं. गावाला 1891 पर्यंत आरम्युले म्हणत, आरेकाठची गिरणी. परदेशी पाहुण्यांच्या तोंडी इंटरलाकेनच होतं, म्हणून गावाने तेच घेतलं. पण घेतलं ते मठाचं, इंग्रजांचं नव्हे.

एक दिवस? पुरतो, डोंगरावर जाणार नसाल तर. होहेमाटे मैदानात निवांत बसा. मठाची ही 14 हेक्टर जमीन 1864 मध्ये 37 जणांनी मिळून विकत घेतली, तिथे कधी बांधकाम होऊ नये म्हणून. यश चोप्रांचा पुतळा सगळेच दाखवतात. उंटरझेनला मात्र तुमचं तुम्हीच पूल ओलांडून चालत जा.

आणि बसमध्ये कुणी 'लेक'ची गोष्ट सांगू लागलं तर तिथल्या तिथे टोका. मेव्हणे बोलल्यावर मी गप्प बसलो, ते चुकलंच माझं.