माळवदाच्या घरात लाकडाच्या बॉयलरचं धुराडं सवण्यातून काढलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की मागच्या पडवीत पाणी तापवायचा लाकडाचा बॉयलर बसवलाय, धूर घरात कोंडतोय आणि मिस्त्री म्हणतोय पाइप सरळ सवण्यातून, म्हणजे छतातल्या उजेड-धुराच्या झरोक्यातून, वर काढू. नका काढू देऊ. मी सोलापुरातच फॅब्रिकेशनचं काम करतो, बाळीवेस, शुक्रवार पेठेतली जुनी माळवदं, म्हणजे मातीची सपाट छतं, बघितलीत, वरची माती जळत नाही हो पण तिच्याखालचं किलचन, म्हणजे लाकडी फळ्यांचा थर, जळतं, आणि तेही लगेच नाही, रोज गरम पाइपाशेजारी भाजून भाजून आतनं काळं पडत जातं आणि मग कमी आचेलासुद्धा पेट घेतं. एकेरी पत्र्याच्या पाइपापासून लाकूड दीड फूट तरी लांब पाहिजे, सवण्यात तेवढी जागाच नसते.

पाइप पडवीच्या दगडी भिंतीतून बाहेर काढा आणि बाहेरून उभा न्या. आडवा तुकडा लहान ठेवा, बाहेरच्या बाजूला चढता, काटकोनी बेंडऐवजी 45 चे दोन टाका. बाहेर पाइप गार पडतो आणि धूर वर खेचणारी ओढ कमी होते, म्हणून उंचीत काटकसर नको, माळवदाच्या वर किमान 3 फूट, आणि 10 फुटांच्या आत शेजाऱ्याचा कठडा असेल तर त्याच्याहून 2 फूट वर. पाइपाचा घेर बॉयलरच्या धूर निघायच्या तोंडापेक्षा बारीक करू नका, पैसे वाचतात पण धूर उलटा येतो.

जोड नीट बघून घ्या, इथं बरेच जण उलटं करतात. वरच्या पाइपाचं टोक खालच्या पाइपाच्या आत बसलं पाहिजे, कारण ओलं जळण टाकलं की पाइपात काळं चिकट डांबरासारखं पाणी सुटतं, ते आतल्या आत खाली उतरतं, उलटा जोड असला तर भिंतीवर ओघळतं. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू मारा. बॉयलरजवळचा पहिला पाइप काळ्या लोखंडाचाच घ्या, जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप जास्त तापला की जस्ताचा धूर निघतो, पीव्हीसीचा तर विचारच नको.

तुराट्या (तुरीची वाळलेली खोडं) जाळत असाल तर ठिणग्या लय उडतात, टोपीला जाळी लावा, ती काजळीनं बुजते म्हणून महिन्यातून एकदा झाडा, आणि माळवदावर कडबा रचलेला असेल तर तो आधी हलवा. काम होईपर्यंत पडवीचं दार उघडं ठेवूनच पेटवा, निखारे आहेत तोवर बंद करू नका, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, घरात लहान मुलं असतील तर तोवर अजिबात पेटवू नका.

भिंतीची जाडी आणि बॉयलरच्या तोंडाचं माप टाका, पाइप किती लागेल ते सांगतो.