पोराला दाखला देऊन मोकळं व्हावं का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार बाई. मी बीड जिल्ह्यातल्या एका खासगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापक आहे. गेल्या आठवड्यात खिचडीच्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे आठवीतल्या एका मुलाने (वय १३) सातवीतल्या मुलीची ओढणी ओढली आणि नको तिथे हात लावला. त्याचे दोन मित्र हसत उभे होते. मुलीने दोन दिवसांनी खिचडी शिजवणाऱ्या मावशींना सांगितलं. मुलाचे आई-वडील ऊसतोडीला कारखान्यावर आहेत, तो आजोबांजवळ राहतो. अध्यक्ष म्हणतात, कपड्यावरूनच तर हात लागला, पोराला दाखला द्या आणि मोकळे व्हा. मुलीचे वडील म्हणतात, बोभाटा नको, गावात मिटवू. पोलिसांत गेलो तर तेरा वर्षांच्या लेकराचं आयुष्य वाया जाईल, अशी मलाही भीती वाटते. काय करावं?

उत्तर : सर, तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी फोन केला होता, कारण असल्या गोष्टीत अंक निघेपर्यंत थांबता येत नाही. फोनवर बोललो तेच इथे सविस्तर लिहिते, कारण अशी पत्रं मला जालन्याहून येतात, हिंगोलीहून येतात आणि बहुतेकांत ‘दाखला’ हा शब्द असतोच. ओळख पटू नये म्हणून तुमच्या पत्रातले काही तपशील बदलले आहेत. मुलीची आणि मुलाची, दोघांचीही ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे.

अध्यक्षांना एवढंच सांगा की ‘कपड्यावरून’ हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये कायमचा निकालात काढला आहे. त्वचेला त्वचेचा स्पर्श झाला नाही म्हणून पोक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणाऱ्या कायद्याचं, लैंगिक हल्ल्याचं कलम लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं होतं. तो निकाल रद्द झाला. हात कोणत्या हेतूने लावला ते बघायचं, मधे कापड होतं की नव्हतं ते नाही.

आणि मिटवण्याचा अधिकार तुम्हाला नाही, अध्यक्षांना नाही, वडिलांनाही नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी गोष्ट ज्याला कळली त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलीच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत. चौकशी करणं, खरं-खोटं ठरवणं हे तुमचं काम नाही. मावशींनी तुम्हाला जे सांगितलं ते तसंच लिहून पोचवायचं.

मुलीला मात्र पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. मावशींना सांगून झालं, मग वर्गशिक्षिकेला, मग तुम्हाला, मग अध्यक्षांसमोर. चार वेळा झालं की सर! पोलिसांनी जबाब घ्यायचा तो तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आई किंवा तिच्या विश्वासाचं माणूस जवळ असताना. रात्री ठाण्यात बसवून ठेवता येत नाही. हे तिच्या वडिलांना समजावून सांगा. त्यांना भीती बोभाट्याची आहे, आणि कायद्याने बोभाटा टाळायची सोय केलेली आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आता दाखल्याचं. १९९६ साली मी मुख्याध्यापिका होऊन वर्षच झालं होतं. नववीतल्या एका मुलाने असंच केलं. मी दोघांना ऑफिसात बोलावलं आणि त्याला म्हटलं, तिची माफी माग, पाया पड. मला वाटत होतं मी न्याय करतेय. तो वाकला, आणि ती पोरगी एकेक पाऊल मागे सरकत कपाटाला जाऊन टेकली. तिच्या चपलेचा अंगठा दोऱ्याने बांधलेला होता, ती त्या अंगठ्याकडेच बघत राहिली, वर बघितलंच नाही. ज्याने हात लावला त्यालाच मी पुन्हा तिच्या पायापर्यंत आणला, हे मला फार उशिरा कळलं. मुलाला दाखला दिला. दोन वर्षांनी शेजारच्या तालुक्यातल्या मुख्याध्यापकांनी एका बैठकीत मला बाजूला घेतलं. त्यांच्याकडेही तीच तक्रार, तोच मुलगा. त्यांनी त्याचा दाखला मला दाखवला. ‘वर्तणूक’ या रकान्यात ‘चांगली’ लिहिलेलं होतं. अक्षर माझं होतं.

मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आलीच नाही. अक्षयतृतीयेला तिचं लग्न लावून दिलं होतं. वय पंधरा.

म्हणून मी दाखल्याच्या विरोधात आहे, सर. तो मुलाला दुसऱ्या गावी पाठवतो, जिथे त्याच्याबद्दल कुणाला काही ठाऊक नसतं, आणि मुलीला घरी पाठवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) बीड आणि परभणी या दोन्ही जिल्ह्यांत वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी शंभरात चाळिसांहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. ‘शाळेत असं होतं’ एवढं एक कारण आपल्याकडे लग्न जमवायला पुरतं. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही. स्वखुशीने दाखला नेत असल्याचा अर्ज आजोबांकडून अंगठा घेऊन करून ठेवायचा, ही पळवाट मला माहीत आहे. ती वापरू नका.

मुलाचं आयुष्य वाया जाईल का? नाही जाणार. निवृत्तीनंतर तीन वर्षं मी बाल न्याय मंडळावर सदस्य होते, तेव्हा हे पाहून सांगते. आरोपी स्वतःच बालक असेल तर पोक्सोच्याच कलम ३४ प्रमाणे प्रकरण बाल न्याय कायद्याखाली जातं. २०१५ चा हा कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात की त्याला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, बेडी घालायची नाही, ताब्यात घेतलं तर चोवीस तासांत मंडळापुढे आणायचं. मोठ्यांसारखा खटला चालवण्याचा विचार फक्त सोळा ते अठरा वयात आणि अतिगंभीर गुन्ह्यांतच होऊ शकतो. तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य, त्यांतली किमान एक बाई. पिंजरा नाही, उंच व्यासपीठ नाही. एका टेबलाभोवती बसून बोलणं. मंडळ समज देऊन समुपदेशनाला पाठवू शकतं, समाजसेवेचं काम देऊ शकतं, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली घरीच ठेवू शकतं. विशेष गृहात, म्हणजे मुलांच्या सुधारगृहात पाठवणं हे शेवटचं टोक, तेही जास्तीत जास्त तीन वर्षं. पुढे नोकरीला-शिक्षणाला ते आड येऊ नये असंही कायद्यातच लिहिलेलं आहे.

मंडळापुढे आलेला एक मुलगा मला आठवतो, तुमच्याच विद्यार्थ्याच्या वयाचा. तोही आजोबांबरोबर आला होता. आजोबा धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते, पोरगा कोरडा ठणठणीत. मी त्याला विचारलं, तिला कसं वाटलं असेल? त्याला प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. दिवाळीनंतर आई-बाप उसाला गेले की संपर्काला म्हणून एक फोन घरी राहतो, आजोबांना तो वापरता येत नाही आणि रात्रभर तो पोराच्या हातात असतो. त्या फोनवर त्याने बाईचं जे रूप पाहिलं होतं त्यात तिला काही वाटतं हे कुठेच नव्हतं. आणि शाळेने, घराने, आम्ही कुणीच त्याला दुसरं काही सांगितलेलं नव्हतं. महाराष्ट्रात २००७ साली शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद पाडताना ‘संस्कृती’ वाचल्याचा आनंद झाला होता. त्या रिकाम्या जागेत फोन आला. हे त्याच्या वागण्याचं समर्थन नाही. पण हे त्याला कुणीतरी शिकवायलाच हवं, आणि दाखला देऊन ते होत नाही.

त्या मुलाशी एखाद्या शिक्षकाने, शक्यतो पुरुषाने, एकट्याला बसवून सरळ बोलावं. आडून नको. ‘तू तिच्या अंगाला हात लावलास, तिला ते नको होतं, ती घाबरली, हा गुन्हा आहे, आणि तू तो पुन्हा करणार नाहीस यासाठी मी तुझ्याबरोबर आहे.’ इतकं स्पष्ट. छडी नको. त्याच्यावरच कुणी असा हात टाकलाय का, हे समुपदेशकाला विचारू द्या. पोक्सो मुलग्यांचंही रक्षण करतो आणि मुलगे सहसा सांगत नाहीत. जिल्हा रुग्णालयात समुपदेशक असतात. हसत उभ्या असलेल्या त्या दोघांनाही सोडू नका. त्यांच्या हसण्याने त्याला बळ आलं होतं.

शाळेत बदल करायचे ते मुलाच्या दिनक्रमात करा, मुलीच्या नाही. टाकीकडे सुट्टीत शिक्षक उभा राहील. मुलाची सुट्टी काही दिवस वेगळ्या वेळी. दोघं एकाच वस्तीवरून येतात असं तुम्ही म्हणालात, तर त्याने कोणत्या वेळी निघायचं ते ठरवा. तिने रोजच्या वाटेने, रोजच्या मैत्रिणींबरोबरच यावं. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती २०२२ पासून शाळेशाळेत असायला हवी, आणि बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने तक्रारपेटीसकट सगळं पुन्हा बजावलं. तुमची पेटी कुठे आहे हे मी फोनवर विचारलं तर तुम्ही म्हणालात, ऑफिसच्या दारात, घंटेखाली. सर, तिथे सगळ्यांदेखत चिठ्ठी टाकायला कोणती मुलगी येईल? मुलींच्या स्वच्छतागृहाकडच्या भिंतीवर लावा आणि किल्ली बाईंकडे द्या. आणि त्या खिचडीवाल्या मावशींना समितीच्या बैठकीला बोलावून मानाने बसवा. अख्ख्या शाळेत मुलीला सांगावंसं वाटलं ते एकट्या त्यांना.

तुमचा परवा फोन आला. महिला उपनिरीक्षक साध्या साडीत घरी जाऊन आल्या, मुलगी चौथ्या दिवशी वर्गात आली, मागच्या बाकावर बसली, असं तुम्ही सांगितलंत. मागच्या का, ते वर्गशिक्षिकेला हळूच विचारायला सांगा. पंधरा दिवसांनी मला पुन्हा कळवा.

प्रश्न : बाई, माझा मुलगा नववीला आहे. त्याच्या दप्तरात वर्गातल्या मुलीची चिठ्ठी सापडली. ‘तू मला आवडतोस’ एवढंच आहे, खाली बदाम काढलाय. हे पोक्सोत बसतं का? मी मुलीच्या घरी जाऊन सांगू का? (एक आई, परभणी जिल्हा)

उत्तर : नाही ताई, चौदा-पंधराव्या वर्षी कुणी आवडणं हा गुन्हा नाही, आणि चिठ्ठी हाही नाही. वरच्या पत्रातली मुलगी घाबरली होती. इथे कुणीच घाबरलेलं नाही, तुम्ही सोडून. मुलाशी मात्र बोला. आवडणं वेगळं आणि अंगाशी येणं वेगळं, अठराच्या आत मुलीची ‘हो’ कायदा धरत नाही, तिचा फोटो मागायचा नाही, चिठ्ठी मित्रांना दाखवायची नाही. हे तुम्हीच सांगा, वडिलांना पुढे करू नका. ते पट्टा काढतील असं तुम्हीच लिहिलंय.

मुलीच्या घरी अजिबात जाऊ नका. तुम्ही उंबऱ्याबाहेर पडायच्या आत तिची शाळा बंद झालेली असेल. ती चिठ्ठी होती तशी घडी घालून दप्तरात परत ठेवा.