पडद्याची उलट बाजू

प्रश्न : दापोलीच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत लोकरीचा जाड पडदा सापडला. निळ्यावर समोरासमोर बसलेले पक्षी आहेत. पणजोबा मुंबईत एका साहेबाकडे कारकून होते, त्याने विलायतेला जाताना तो दिला म्हणतात. एक व्यापारी म्हणतो, ‘विल्यम मॉरिसचा आहे, पण छापील. धुऊन द्या, कुशनांना घेतो.’ काय करू?
— एक वाचक, दापोली

उत्तर : ताई, आधी बादली बाजूला ठेवा. आणि कात्रीसुद्धा.

पडदा उलटा करा. छापील असेल तर नक्षी मागे फिकट उतरलेली असते. विणलेला असेल तर ती मागेही स्पष्ट असते, रंगांची मात्र अदलाबदल झालेली. मग कापड चिमटीत धरून ओढा. दोन पदर सुटे होतात का? तसं असेल तर ही दुहेरी वीण. मॉरिस हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज नक्षीकार. त्याने १८७७ साली फ्रान्समधल्या लिआँहून लुई बाझँ नावाचा विणकर लंडनला आणून जकार्ड माग (भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारा) बसवला आणि १८७८ मध्ये आपल्याच दिवाणखान्यासाठी ‘बर्ड’ हे लोकरी कापड काढलं, ते असंच दुहेरी. तुमचं तेच, असं मी म्हणणार नाही. तसल्या पक्ष्यांच्या नकला तेव्हा इतरांनीही भरपूर केल्या. पण छापील म्हणून कुशनं शिवणाऱ्याच्या हाती देऊ नका.

हिरवी पानं निळसर झालीत का तेही पाहा. तेव्हा नीळ आणि पिवळा वनस्पती-रंग मिळून हिरवा करत. उजेडाने पिवळा आधी उडतो, नीळ मागे राहते.

आता आपला पाऊस. ट्रंकेत परत घालू नका, प्लॅस्टिकमध्ये तर नकोच, आत दमट कोंडून बुरशी धरते. डांबरगोळ्यांचा थेट स्पर्शही नको. आणि ऊन दाखवायचा मोह आवरा. आजीची शाल मी एका भाद्रपदात विहिरीच्या कठड्यावर वाळत टाकली होती, संध्याकाळी वरच्या घडीचा जांभळा रंग राखाडी झालेला. आजी आठ दिवस बोलली नाही. पडदा पडवीत सावलीला पसरा, मऊ ब्रशने धूळ झाडा. शिवणींत कसर लपते, तिथे नीट बघा. मग कापडाच्या दुकानातून पुठ्ठ्याची रिकामी नळी आणा, तिच्यावर धुतलेलं मांजरपाट गुंडाळा, आणि त्यावर पडदा, नक्षी बाहेर ठेवून, सैल. वरून पुन्हा मांजरपाट. नळी आडवी ठेवा, भिंतीला टेकवून नको.

उलट बाजूचा फोटो मला पाठवा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे धागे मोजता येतील.