पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच : पीसीच्या दुखण्यांवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पीसी चालू केला की पंखे फिरतात, लाईट लागते, पण मॉनिटरवर नुसतं 'नो सिग्नल'. आदल्या रात्रीपर्यंत व्यवस्थित चालू होता. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं की मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या. खरंच गेला असेल का?

उत्तर : असेलही, पण फोनवरून हे कळत नाही, आणि संशयितांच्या यादीत मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) शेवटचा असतो. आधी फुकटातल्या गोष्टी बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर एचडीएमआय केबल कार्डालाच लावलीय ना, की साफसफाईच्या नादात मदरबोर्डच्या पोर्टात घुसवलीय? हसू नका, हे फार वेळा होतं. मॉनिटर लॅपटॉपला जोडून बघा, म्हणजे मॉनिटर आणि केबल दोन्ही सुटले.

मग रॅम, म्हणजे पीसीची तात्पुरती मेमरी. मेन प्लग काढा, पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट जातो, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज उतरते, आणि मगच रॅम काढा. सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कपड्याने पुसा. खोडरबर घासायचा सल्ला सगळेच देतात आणि त्याने काम होतंही, पण सोन्याचा थर पातळ असतो आणि खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये (रॅम बसते त्या खाचेत) गेला की नवीन उपद्व्याप, म्हणून मी तो शेवटी ठेवतो. आता एकच स्टिक, म्हणजे रॅमची एकच कांडी, लावा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा स्लॉट, पण एकदा मॅन्युअल बघून घ्या. क्लिप 'टक' करून बसली पाहिजे, अर्धवट बसलेली रॅम वरून अगदी नीट दिसते. एक स्टिक कुठल्याच स्लॉटमध्ये चालत नाही पण दुसरी सगळीकडे चालते, तर स्टिक गेली. दोन्ही स्टिक एकाच स्लॉटमध्ये अडतात, तर स्लॉट खराब. एका वेळी एकच गोष्ट बदला हो, तीन गोष्टी एकदम हलवल्या आणि पीसी सुरू झाला तरी कशाने झाला ते कळत नाही आणि आठवड्याने परत तेच.

डीडीआर५ (रॅमचा एक नवा प्रकार) वाल्यांसाठी वेगळं सांगतो, रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे त्या रॅमशी जुळवून घेतो, आणि तेव्हा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. लोक घाबरून मध्येच बंद करतात आणि ते ट्रेनिंग परत पहिल्यापासून सुरू होतं. थांबा जरा.

एवढं करूनही काही नाही तर प्रोसेसर, त्याचा कूलर, एक रॅम आणि पॉवर सप्लाय सोडून बाकी सगळं काढा, हार्ड डिस्क, यूएसबीची उपकरणं, सगळं. ग्राफिक्स कार्डही काढा, पण प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तरच. आणि बोर्ड जिवंत आहे का बघायची सोपी युक्ती म्हणजे सगळी रॅम काढून चालू करायचं. छोटा स्पीकर लावलेला असेल आणि तो बीप देत ओरडला, किंवा बोर्डवरची रॅमची एरर लाईट लागली, तर बोर्ड आणि प्रोसेसर निदान 'रॅम नाही' एवढं ओळखण्याइतके तरी चालू आहेत. मग त्या दुरुस्तीवाल्याला परत फोन करायची गरज नाही.

प्रश्न : रोज पीसी चालू केला की तारीख काही वर्षं मागे गेलेली असते आणि ब्राउझर प्रत्येक साईट असुरक्षित म्हणून अडवतो. व्हायरस आहे का?

उत्तर : नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नाण्यासारखा सेल संपलाय. साईटचं सर्टिफिकेट तारखेवर तपासलं जातं, तारीख चुकली की ब्राउझर बोंब मारणारच. सेल ३ व्होल्टचा असतो, बदलायला दोन मिनिटं लागतात. फक्त बदलायच्या आधी बायोसच्या (मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंगचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण साटा मोड (डिस्क जोडायची पद्धत) बदलला गेला तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून अडून बसतं आणि मग उगाच फॉर्मॅट मारला जातो.

प्रश्न : गेम खेळताना पीसी धाडकन बंद पडतो. विंडोज दोनदा नवीन टाकून झालं.

उत्तर : तिसऱ्यांदा टाकू नका. हा प्रकार उष्णतेचा नाहीतर पॉवर सप्लायचा. तापमान दाखवणारं एखादं सॉफ्टवेअर चालू ठेवून गेम लावा. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, गेम अडखळतो, पंखे कोकलतात, आणि तरीही १०० अंशांच्या आसपास गेलाच तर बंद. लोड येताच काही सेकंदांत नव्वदीपार गेला तर कूलर नीट टेकलेला नाही, चारपैकी एखादी पिन सुटलेली असते किंवा प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळलेली असते. हळूहळू चढत गेला तर धूळ. धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने गरागरा फिरवू नका.

तापमान ठीक असताना लाईट गेल्यासारखा क्षणात बंद होत असेल तर संशय पॉवर सप्लायवर. १२ व्होल्टची लाईन लोडवर ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवी, पण सॉफ्टवेअरमधल्या आकड्यावर विसंबू नका, मल्टिमीटर लावा. तोसुद्धा क्षणभराचा झटका पकडत नाही, त्यामुळे खात्रीचा दुसरा सप्लाय लावून बघणं हीच खरी टेस्ट. आणि सप्लाय उघडायचा नाही, म्हणजे नाहीच, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त साठून राहू शकतात. बदलताना जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) सप्लायच्या केबल नव्याला लावू नका. सप्लायकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते, प्लग मात्र आरामात बसतो, आणि मग हार्ड डिस्क जळते.

प्रश्न : हार्ड डिस्कमधून टकटक येतं, फोल्डर उघडायला मिनिटं लागतात. चेकडिस्क चालवू का?

उत्तर : अजिबात नाही! चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन, अख्खी डिस्क पिंजून काढतं आणि मरणाऱ्या डिस्कला तेच झेपत नाही. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा, सिनेमे सगळ्यात शेवटी. मग स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघा. ०५ आणि सी५ या ओळींतले (खराब आणि संशयास्पद जागांचे) आकडे वाढत असतील तर डिस्क चाललीय. फक्त सी७ (डेटा ने-आण करतानाच्या चुका) वाढत असेल तर बहुधा साटा केबल खराब आहे, ती बदला, पण टकटक केबलमुळे येत नाही हे लक्षात ठेवा. डिस्क दिसायचीच बंद झाली आणि आतला डेटा खरंच हवा असेल तर लगेच बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. फ्रीजमध्ये ठेवायचे व्हिडिओ बघून तसं करू नका, बाहेर काढल्यावर आत ओल धरते आणि उरलीसुरली आशाही जाते.