खरेदीची पावती पडली की साठा आपोआप वाढायला हवा. हे काम ट्रिगरला (टेबलात बदल झाला की डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड) द्यावं की स्टोअर्ड प्रोसिजरला (डेटाबेसमध्ये नाव देऊन ठेवलेला, बोलावल्यावर चालणारा कोड)?

मी प्रोसिजरला देईन. आधी मीही ट्रिगरलाच दिलं होतं, म्हणून सांगतो.

धरणगावकडच्या एका जिनिंगचं काम होतं, एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर. काट्यावर भरल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं. फरक तो कापूस. काटापावती टेबलात पडली की ट्रिगर साठ्यात तेवढे क्विंटल वाढवायचा. दिवाळीनंतर महिनाभर किलोचाही फरक नाही. मग दुसऱ्या खरेदी केंद्राच्या 40 पावत्या एक्सेलमधून आल्या आणि मी त्या एकाच इन्सर्टने (ओळी भरायच्या आदेशाने) टाकल्या. संध्याकाळी मुनीमजी वहीवर बोट ठेवून म्हणाले, "हाई कसं व्हयनं भो?" आवारात कापसाची गंजी दिसतेय, आणि स्क्रीनवर एकाच पावतीचं वजन वाढलेलं.

ट्रिगर चालला होता, पण एकदाच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तो ओळीमागे नाही, स्टेटमेंटमागे, म्हणजे दर आदेशामागे, एकदा चालतो. नव्या ओळी सगळ्या मिळून 'इन्सर्टेड' नावाच्या टेबलात हजर असतात. मी तिथून वजन एका व्हेरिएबलमध्ये घेतलं होतं, त्यात एकाच ओळीचं मावलं. बेरीज घेतली असती तर भागलं असतं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ट्रिगर दर ओळीला चालतो, त्यामुळे तिथून आलेल्याचा पाय इथे घसरतो. मी तिथूनच आलो होतो. (पोस्टग्रेस या तिसऱ्या डेटाबेसमध्ये दोन्ही प्रकार आहेत, ट्रिगर बनवतानाच सांगायचं.)

बेरीज घातली, तरी साठा वाढवायचं काम ट्रिगरमधून काढलंच. उद्या कुणी बल्क इन्सर्टने फाइल भरली, तर वेगळं सांगितल्याशिवाय ट्रिगर चालतच नाही. शिवाय पावतीचा कोड वाचणाऱ्याला साठा कुठे वाढतोय ते दिसत नाही. तो बिचारा दिवसभर शोधत बसतो. प्रोसिजरला नाव असतं, तिला कुणीतरी बोलवावं लागतं. आता 'खरेदी_नोंदव' मध्ये पावती, साठा आणि शेतकऱ्याचा चुकारा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आहेत. एक फसलं की तिन्ही मागे. मात्र ॲपच्या लॉगिनला टेबलात थेट लिहायची परवानगी ठेवू नका, फक्त प्रोसिजर चालवायची द्या. नाहीतर घाईच्या दिवशी कुणीतरी थेट इन्सर्ट मारतोच.

ट्रिगर मी एकाच कामाला ठेवला: पावतीचं वजन बदललं तर जुना आकडा, नवा आकडा, लॉगिन आणि वेळ लिहून ठेवणं. मॅनेजमेंट स्टुडिओ (एसक्यूएल सर्व्हर हाताळायचा प्रोग्राम) उघडून हाताने केलेला बदलही त्यात सापडतो, आणि हे प्रोसिजरला जमणारं नाही. त्याच ट्रिगरमधून शेतकऱ्याला एसएमएस पाठवायचा मोह होईल, तो आवरा. ट्रिगर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये चालतो: एसएमएसवाल्यांचा सर्व्हर रखडला की काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागते, आणि ट्रान्झॅक्शन मागे फिरलं तरी मेसेज गेलेला असतो.