त्यांना तिकिटं काढून देण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोपच उडाली, खोटं नाही सांगत. दोह्यात तुम्ही मेन काँट्रॅक्टरकडे इंजिनिअर, सबकाँट्रॅक्टरच्या नऊ मुलांना चार महिने पगार नाही, मेसवाल्याने उधारी बंद केली, आणि तुम्ही चार मित्र वर्गणी काढून त्यांची तिकिटं काढायच्या विचारात आहात, "निदान घरी तरी पोचतील बिचारे". २०२० मध्ये मी अगदी हेच बोललो होतो. म्हणून थांबा जरा.

एम्बसीत जा, पासपोर्टची कॉपी ठेवा वगैरे बाकीच्यांनी लिहिलंच आहे, ते परत लिहीत नाही. पासपोर्ट कंपनीने ठेवणं कतारमध्ये बेकायदा आहे, दंड २५,००० रियालपर्यंत आहे, आणि तरीही ते कंपनीच्याच ड्रॉवरमध्ये असतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. मी वकील नाही. मी क्यूएस होतो (क्वांटिटी सर्व्हेअर, बांधकामाची मापं आणि बिलं बघणारा), आठ वर्षं दोह्यात काढली, २०२१ पासून परत भांडुपला. त्यामुळे खालचं सगळं अनुभवाचं म्हणून घ्या, कायद्याचा सल्ला म्हणून नाही, तिथले नियम भराभर बदलतात.

आमच्याकडे शटरिंगची गँग होती, सोळा जण. काही बिहारमधल्या सिवानचे, काही तेलंगणातल्या जगतियालचे, तीन नेपाळी, आणि एक खेड तालुक्यातला सुतार, त्याला अख्खी साइट दाजी म्हणायची. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सनाया, म्हणजे दोह्याचा इंडस्ट्रियल एरिया, बंद केली, १ ते ३२ नंबरच्या गल्ल्या, आणि यांचा कॅम्प बरोब्बर आत. पगार त्याच्या आधीपासूनच रखडत येत होता, कोविड निमित्त झालं. जुलैपर्यंत चार महिने झाले. मी फोनवर बोलायचो, अधूनमधून तांदूळ-डाळ पोचवायचो, आणि मनातून स्वतःवर खूश होतो, हे पण कबूल करतो.

मग कंपनीने निरोप पाठवला की ज्यांना जायचंय त्यांना तिकीट आणि थोडे पैसे देतो, उरलेले बँकेत टाकू. अडकलेल्यांना घरी आणणारी वंदे भारत मिशनची विमानं सुरू झाली होती. दाजी म्हणाला साहेब तुम्ही या, कागद वाचून द्या, आम्हाला इंग्लिश कळत नाही. गेलो. पोर्टा केबिन, एसी बंद, टेबलावर मंदूब, म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस, बसलेला, समोर कागदांचा गठ्ठा आणि अंगठ्यासाठी निळं स्टॅम्प पॅड. कागदाला दोन रकाने, डावीकडे इंग्लिश, उजवीकडे अरबी. इंग्लिशमध्ये लिहिलं होतं की फायनल सेटलमेंटपोटी १,५०० रियाल आणि तिकीट मिळालं. बरोबर होतं, तेवढंच मिळत होतं. अरबी रकाना मात्र दोन ओळी जास्त खाली गेला होता. आता, अरबीत तोच मजकूर बहुतेक कमी जागेत बसतो, आठ वर्षं साइटवरचे बोर्ड बघून हे मला पाठ होतं. माझी नजर त्या दोन ओळींवर गेली सुद्धा. आणि मी काय केलं, तर घड्याळ बघितलं, कारण एकला मीटिंग होती. दाजीला म्हटलं ठीक आहे, कर सही. तो म्हणाला, "तुम्ही बघितलंत ना? मग झालं." त्याच्यामागे पंधरा जणांनी माझ्या शब्दावर सह्या आणि अंगठे केले.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, बँकेत काही आलं नाही. दाजीने कागदाचा फोटो पाठवला, तो मी ऑफिसातल्या सुदानी सर्व्हेअरला दाखवला. त्याने एक शब्द बोटाने दाखवला, "इस्तलम्तु". म्हणजे मिळाले. पुढे "मुस्तहक्कात", म्हणजे सगळी येणी, पगार, ओटी, रजा, ग्रॅच्युइटी, सगळं रोख मिळालं, कंपनीकडे काही बाकी नाही.

इथे बारीक गोष्ट आहे, ती नीट समजून घ्या. कतारच्या लेबर लॉमध्ये कामगाराने आपला हक्क सोडला असं लिहून दिलं तरी ते रद्द धरतात. म्हणजे कागदावर "मी माफ केले" असतं तर भांडायला जागा होती. पण त्यात "मला मिळाले" होतं. ती पावती झाली. पैसे मिळालेच नाहीत हे आता कामगाराने सिद्ध करायचं, तेही खेडमध्ये बसून. आणि कोर्टात अरबी मजकूरच धरतात, इंग्लिश रकाना आपल्या समाधानासाठी.

दाजीचा हिशोब मीच मांडला, धंदाच तो माझा. बेसिक १,१००, जेवणाचे ३००, चार महिन्यांचे ५,६००. सहा वर्षं नोकरी, वर्षाला तीन आठवड्यांचं बेसिक म्हणजे ७७०, त्याचे ४,६२०. एकूण १०,२२० रियाल, ओटी आणि रजा सोडून. हातात १,५००. तेव्हाच्या भावाने पावणेदोन लाखांच्या वर गेले, एका माणसाचे. बाकी पंधरा जणांचा हिशोब मी अर्धाच करून सोडला, पुढे हिंमत झाली नाही.

दुसरी चूक ह्याच्या पोटातच होती. जायच्या आधी लेबर मिनिस्ट्रीकडे तक्रार नाही आणि एम्बसीत मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी नाही. तिथे असताना हे एका दिवसाचं काम आहे. इथे आल्यावर बघा काय होतं. नोटरी, मग राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग कतारचा कॉन्सुलेट (अपॉस्टील, म्हणजे बऱ्याच देशांत चालणारा एकच शिक्का, तिथे चालत नव्हतं), त्यात अरबी भाषांतर वेगळं. आणि वर नोकरी संपल्यापासून एक वर्षात दावा नाही केला तर हक्क बुडाला. आमचं वर्ष जुलै २०२१ ला संपत होतं.

मी फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आलो आणि दाजीला घेऊन इथल्या एका सरकारी कार्यालयात गेलो, नाव घेत नाही. लोकल तेव्हा नुकती सगळ्यांना उघडलेली पण वेळा ठरलेल्या, सकाळी सातच्या आत, मग दुपारी बारा ते चार, मग रात्री नऊनंतर. आणि यांची खिडकी साडेदहा ते दीड. म्हणजे लोकलने गेलात तर एकतर उजाडता जाऊन फुटपाथवर बसा, नाहीतर खिडकी बंद व्हायला पोचा. दाजी रात्रभर एसटीने येऊन सायनला उतरलेला, मी भांडुपहून बेस्टने, दीड तास. पहिल्या खेपेला सांगितलं ओरिजिनल करार आणा. अहो, ओरिजिनल कंपनीकडे असतो, म्हणून तर आलोय. दुसऱ्या खेपेला मला विचारलं तुम्ही यांचे कोण. म्हटलं एका साइटवर होतो. "रक्ताचं नातं आहे का?" नाही म्हटल्यावर मला बाहेर बसवलं, आणि आत दाजीला हिंदीत काय विचारलं ते त्याला धड सांगता येईना. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर, आणि खिडकीवरचा माणूस म्हणाला हे सगळं तिकडूनच करून यायला पाहिजे होतं. एवढंच एक वाक्य त्या ऑफिसात खरं बोललं गेलं. एप्रिलमध्ये परत सगळं बंद झालं, मग दाजी म्हणाला साहेब सोडा आता, येण्याजाण्यातच जास्त गेले. आणि जुलै उलटला.

तर तुम्हाला माझं स्पष्ट मत. तिकीट सगळ्यात शेवटी. आधी तक्रार, तिचा नंबर प्रत्येकाच्या हातात, मग एम्बसीतून पॉवर ऑफ अॅटर्नी, आणि ती अशा माणसाच्या नावावर जो अजून दोन वर्षं तरी दोह्यात राहणार आहे. तुम्ही स्वतः राहणार नसाल तर तुमच्या नावावर करू नका, भावनेच्या भरात तर अजिबात नको. लेबर डिस्प्यूट कमिटीने तीन आठवड्यांत निकाल द्यावा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट धरा. पण निकाल हातात असेल आणि कंपनीने हात वर केले तर कामगारांसाठीच्या निधीतून पैसे मिळायची वाट आहे, २०१८ च्या कायद्याने तो निधी केलाय. निकाल नाही तर निधी पण नाही. उपाशी माणसाला "थांब" सांगणं क्रूर वाटतं, मला कळतं. म्हणून वर्गणीतून तिकीट नको, तांदूळ आणा.

वर्गणीवरून आठवलं, परवान्याशिवाय पैसे गोळा करणं तिथे गुन्हा आहे. आपल्या गणपतीच्या वर्गणीसारखं व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी फिरवू नका. किराणा आपापला घ्या आणि पोचवा. तसंच कॅम्पचे व्हिडिओ टाकणं. २०२१ मध्ये एका केनियन सिक्युरिटी गार्डला हेच सगळं लिहायचा म्हणून उचललं आणि नंतर २५,००० रियाल दंड केला. तुमच्या नोकरीचं मी समजू शकतो, पण व्हिडिओत तोंड कामगाराचं दिसतं, पहिला फटका त्याला. कंपनी त्याच्यावर पळून गेल्याची केस टाकते आणि मग तो पगार मागणारा राहत नाही, फरारी होतो.

तुमच्या हातात काय आहे असं विचारलंत, तर बिल आहे. तुम्ही मेन काँट्रॅक्टरकडे आहात, सबकाँट्रॅक्टरचं महिन्याचं बिल तुमच्याच टेबलावरून जातं. सबकाँट्रॅक्ट काढून बघा, कामगारांचे पगार दिल्याचा पुरावा जोडल्याशिवाय बिल पास नाही असा क्लॉज बऱ्याचदा असतो आणि कोणी वाचत नाही. मी महिन्याला त्या माणसाची बिलं सर्टिफाय करत होतो आणि संध्याकाळी त्याच्याच कामगारांना डाळ नेऊन देत होतो, हे दोन माझ्या डोक्यात तेव्हा कधी एकत्र आलंच नाही. अर्थात तुमच्याच कंपनीने सबचे पैसे अडवले असतील, कारण क्लायंटने यांचे अडवलेत, तर गोष्ट वेगळी, आणि तिथे बहुतेक वेळा असंच असतं. तरी लेखी विचारा. साधा मेल, कामगारांची नावं न घालता, "पगाराचा पुरावा जोडलेला दिसत नाही". आरोप नाही, आवाज नाही, कागदाचा प्रश्न.

बारीकसारीक पण कामाचं:

त्या नऊ जणांची एटीएम कार्डं कोणाच्या खिशात आहेत ते आधी विचारा. पगार बँकेतूनच द्यायची सिस्टिम आहे म्हणून कागदावर पगार पोचलेला दिसतो आणि कार्डं फोरमनकडे असतात, तोच काढतो. तसं असेल तर केस वेगळ्या पद्धतीने मांडावी लागेल.

टाइमशीटचे फोटो काढायला सांगा आणि ते ईमेलवर पाठवून ठेवा. व्हॉट्सअॅपवर नको. इथे आल्यावर कतारचं सिम बंद पडतं, फोन बदलला की ओटीपी जुन्या नंबरवर जातो, आणि सगळा पुरावा गेला. आमच्यातल्या चौघांचा असा गेला.

सप्टेंबर २०२० पासून नोकरी बदलायला जुन्या मालकाची एनओसी लागत नाही, मार्च २०२१ पासून किमान पगार १,००० रियाल, जेवण दिलं नाही तर ३०० आणि राहायला दिलं नाही तर ५०० वर. म्हणजे तुमच्या नऊ जणांपैकी ज्यांना घरी परत जायचं नाहीये त्यांना दुसरीकडे काम मिळू शकतं. सगळेच घरी जायला तयार आहेत असं धरून चालू नका. डोक्यावर कर्ज असलेला माणूस रिकाम्या हाताने गावी जायला घाबरतो. दाजी आठवडाभर गावात मागच्या रस्त्याने जायचा, हे त्याने मला फार नंतर सांगितलं.

(आणि इथून कोणी जात असेल तर, एजंटची फी कायद्याने ३०,००० अधिक जीएसटी, सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर एजंटचं नाव आहे का ते बघा. डोंगरी काय, अंधेरी काय, लाख-लाख घेणारे पावती कधी देत नाहीत.)

तुम्ही शेवटी लिहिलंय की बाकीचे मराठी मित्र म्हणतात "आपण कशाला पडायचं". मलाही म्हणायचे, तेही आमच्याच घरी साबुदाणा खिचडी खात. रागावू नका त्यांच्यावर, मी पण काही वेगळा नव्हतो. शुक्रवारी मॉलला फॅमिली डे असायचा, म्हणजे कामगारांना आत सोडायचे नाहीत. एकदा मी बायको आणि मुलीबरोबर आत शिरत होतो आणि दारात दाजी गार्डला काहीतरी समजावत उभा, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला पोरीसाठी कंपास घ्यायची होती. माझ्याकडे बघून हसला. मी मान हलवली आणि आत गेलो. त्याने ती गोष्ट कधी काढली नाही, आणि तरी कागद वाचायला मलाच बोलावलं.

असो, फार लांबलं. आता एकच सांगा, त्या नऊ जणांनी गेल्या चार महिन्यांत कशावर सह्या केल्यात का? केल्या असतील तर अरबी बाजूचा स्पष्ट फोटो काढा, नावं आणि बताक्याचा (कतारच्या ओळखपत्राचा) नंबर झाकून मला मेसेजमध्ये पाठवा. तो सुदानी सर्व्हेअर अजून दोह्यातच आहे, तासाभरात वाचून देतो. तोपर्यंत तिकिटं बुक करू नका.